साथीसाठी गोडाऊन भरून ठेवायचं, तर त्यात काय ठेवायचं? (नागपूर)

कापसीकर | शनिवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी,

आमचं घरचं ट्रान्सपोर्ट आहे, भंडारा रोडला कापसीत. ऑफिसच्या मागे बाराशे चौरस फुटांचं टिनाचं शेड आहे. जुन्या भाडेकरूने सोडल्यापासून रिकामंच पडलंय. मागच्या महिन्यात आमची दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी भेटली. सावजीकडे जेवलो, आणि पोट भरल्यावर माणसाला जे सुचतं तेच सुचलं : समाजासाठी काहीतरी करू. तिथल्या तिथे तीन लाख रुपये जमले.

ठरलं ते असं. मेळघाट, भामरागड, एटापल्ली या बाजूला पावसाळा लागला की काही ना काही निघतंच. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला कॉलरा झाला होता, आठवत असेल. साथ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा माल आधीच शेडमध्ये भरून ठेवायचा आणि फोन आला की गाडी लावायची. गाड्या घरच्याच आहेत. नागपूर मध्यावर, कुठेही जायला सोपं.

माझ्या यादीत सध्या दोनशे खोकी सलाईन, दहा हजार ओआरएस, वीस पोती ब्लीचिंग पावडर, पीपीई किट, मास्क, हातमोजे आणि दहा जंबो ऑक्सिजन सिलिंडर आहेत. लसी ठेवणार नाही, तेवढं कळतं मला.

यात काय घालू, काय काढू? आणि ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी सांगा, माल नेमका अडतो कुठे?

तर्रीबाज | ११:२२

यादीत पीपीई किट हाय, तर्रीचा मसाला नाही. राजेहो, मानूस जगन कशावर?

अनघा_व | ११:४०

कापसीकर, हेतूबद्दल शंका नाही, पण हे सगळं आरोग्य खात्याकडे असतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, उपकेंद्र आहे, आशाताई आहेत. त्यांच्या शेजारी आपण दुसरं दुकान का मांडायचं? २०२० मध्ये गल्लोगल्ली सॅनिटायझर वाटणारे होते, फोटोसकट. त्यातले एप्रिल २०२१ मध्ये किती दिसले? तीन लाख सरळ एखाद्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला द्या आणि मोकळे व्हा.

गांधीबाग४४० | १२:०५

होलसेल औषधांच्या धंद्यात तीस वर्षं गेली, म्हणून आधी कडू गोष्ट सांगतो. सलाईन हे औषध आहे. औषध विकायला २०बी-२१बी लायसन्स लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण वाटण्यासाठी साठवणंही त्याच कायद्याखाली येतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. उद्या इन्स्पेक्टर आला आणि टिनाच्या शेडात सलाईनची दोनशे खोकी दिसली, तर तुमची समाजसेवा त्याला कशी समजावणार? आणि टिनाचं शेड म्हणजे मे महिन्यात आत काय तापमान असेल? बाहेर पंचेचाळीस असतं आपल्याकडे. बऱ्याच औषधांच्या पाकिटावर 'तीस अंशांखाली ठेवा' लिहिलेलं असतं, ते वाचायला कोणी जात नाही.

दुसरं, मुदत. दान म्हणून येणारा माल बहुतेक वेळा मुदत संपत आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने दान केलेल्या औषधांसाठी नियमच घालून दिलाय की माल पोचेल तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक पाहिजे. लोकांनी फडताळं रिकामी करून नको ती औषधं पाठवली, त्यातूनच तो नियम आला.

कोथरूडकर | १२:१५

'नागपूर मध्यावर' हे वाक्य आलं की समजायचं, धागा नागपूरकराचा आहे :)

तर्रीबाज | १२:१८

आलं बावा पुनं. आता पाच मिन्टात पाटी लागन : 'येथे साथ येत नाही'.

निवृत्त_फार्मासिस्ट | दुपारी २:३०

जेवून निवांत लिहितोय, त्यामुळे लांबेल. माझी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत गेली, भांडार हेच माझं खातं. कापसीकर, तुमची एकेक वस्तू घेतो.

ब्लीचिंग पावडर. आम्ही तिला टीसीएल म्हणतो, गावात जलसुरक्षकही तेच म्हणतो. ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो. ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड या तिघांपुढे तो टिकत नाही. वीस टक्क्यांच्या खाली गेली की ती पावडर पाणी शुद्ध करायला घ्यायची नाही. तुमची वीस पोती टिनाखाली मे महिना काढतील आणि जूनमध्ये तुम्ही मेळघाटात चुना पाठवाल. त्यातही वाईट म्हणजे गावकऱ्यांना वाटेल की विहिरीत औषध पडलं. वर, या पोत्यांच्या वाफेने शेजारी ठेवलेल्या लोखंडाला गंज चढतो, म्हणजे तुमचे सिलिंडरही गेले. आणि लागते किती? चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. पावडर कधी कमी पडत नाही. कमी पडतो तो ती मोजून टाकणारा, तासभर थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ती तपासणी) करणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करणारा माणूस.

सलाईन. पहिली गोष्ट, कॉलऱ्यात रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन लागतं. पन्नास किलोचा माणूस पार कोमेजून आला तर त्याला पहिल्या तीन तासांतच पाच लिटर द्यावं लागतं, किलोला शंभर मिली. म्हणजे पाचशेच्या दहा बाटल्या. असे शंभर रुग्ण धरा : हजार बाटल्या, अर्धा टन, तोही फक्त पहिल्या तीन तासांचा. सोबत सेट (नळी) आणि कॅन्युला (शिरेत घालायची सुई) नसेल तर त्या बाटल्या उशाला घ्यायच्या. याउलट ओआरएसची पुडी वीस ग्रॅमची. एक किलोत पन्नास लिटरची सोय. पाणी गावातलं, पुडी गाडीतली. वाहतुकीचं शहाणपण याहून वेगळं काय असतं? बहुतेक रुग्ण ओआरएसवर उभे राहतात, वेळेत सुरू केलं तर.

आता 'अडतो कुठे'. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटायचा. म्हणून आमचा खरा हंगाम मे महिना. पाऊस लागायच्या आत चार महिन्यांचा साठा आतल्या उपकेंद्रांत पोचवायचा. जुलैत तुमचा फोन वाजेल, गाडी निघेलही, पण आलापल्लीच्या पुढे कुठेतरी झाडाखाली उभी राहील.

एक किस्सा सांगतो आणि थांबतो. तालुक्याचं नाव घेत नाही. गॅस्ट्रोची साथ, रात्रीचे साडेदहा, बाहेर तीन रुग्ण जमिनीवर. भांडार आमच्या डोळ्यांसमोर, खिडकीतून खोकी दिसतायत, दाराला कुलूप. चावी ज्याच्याकडे तो सरळमार्गी माणूस, चावी कधी कोणाच्या हाती द्यायचा नाही. तो मामेभावाच्या लग्नाला गेलेला, चावी खिशात. शेवटी सब्बलने कोयंडा काढला आम्ही. नंतर सहा महिने त्या कोयंड्याचा खुलासा लिहीत होतो. साथ संपली, फाईल संपली नाही.

तर्रीबाज | २:४१

काका, लगन तरी टिकलं का मामेभावाचं?

निवृत्त_फार्मासिस्ट | २:५५

टिकलं. कोयंडा नवा लागला.

स्वाती_धंतोली | ३:२०

काकांचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे.

सिलिंडरबद्दल मी लिहिते. एप्रिल २०२१ मध्ये मी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात रेसिडेंट होते. जंबो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. ऐकायला खूप वाटतो. मिनिटाला दहा लिटरवर असलेला एक रुग्ण तो पावणेबारा तासांत संपवतो. हाय फ्लोवर मिनिटाला साठ लागले, तर दोन तासही पुरत नाही. तुमचे दहा सिलिंडर म्हणजे एका वॉर्डाची एक रात्र, तीही नशीब असेल तर.

आणि सिलिंडर नुसता येऊन चालत नाही. रेग्युलेटर आणि फ्लोमीटर लागतो, आणि व्हॉल्व्ह उघडायला पाना लागतो. आमच्याकडचे मामा त्याला चावीच म्हणायचे. एका पहाटे नव्या गाडीतून बारा सिलिंडर उतरले आणि त्या चार मजल्यांच्या इमारतीत चावी एकच निघाली, तीही तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी ॲप्रनच्या खिशात. तेव्हापासून चावी माझ्या गळ्यातल्या आयडीच्या दोरीला असायची. काका, तुमची चावी आणि माझी चावी एकाच घराण्यातल्या दिसतात.

सगळ्यात मोठं दुखणं मात्र रिकाम्या सिलिंडरचं. भरलेला आणायला सगळे धावतात. रिकामा परत न्यायला कोणी नसतं, आणि रिकामा परत गेला नाही तर भरून येणार काय? लोकांनी भीतीपोटी घरात सिलिंडर दडवून ठेवले होते. प्लांटवर ऑक्सिजन होता, भरायला भांडं नव्हतं, असेही दिवस गेले. हा विचार कुठल्याही यादीत नसतो, कारण 'रिकामा सिलिंडर' दान करायला कोणाला आवडत नाही.

वाडीचा_मुकादम | ४:०२

स्वाती मॅडम शंभर टक्के बरोबर. टँकरचंही तेच. ती पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस आठवते का? १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून विशाखापट्टणमला नेले, तिथे स्टील प्लांटवर भरले. २३ तारखेला गाडी नागपूरला आली, तीन टँकर इथे उतरले आणि बाकीचे चार नाशिकला गेले. सगळे म्हणत होते, ऑक्सिजन आणला. आमच्या धंद्याच्या नजरेने बघा : आधी रिकामी भांडी गेली. आणि गाडी वसई, सुरत, भुसावळ अशी वळसा घालून का गेली? टँकर डब्यावर चढवला की उंची वाढते, घाटातले बोगदे आणि वरचे पूल आडवे येतात. अंतर कमी असून उपयोग नाही, माल खालून निघाला पाहिजे.

द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर असतो. एक लिटर द्रवाचा आठशे साठ लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणून तो टँकरनेच आणणं परवडतं. भरलेला टँकर विमानात घालत नाहीत. वायुसेनेने रिकामे टँकर उडवले, भरलेले रस्त्याने आणि रेल्वेने आले. रिकाम्याची परतफेरी वाचली तरी दिवस वाचतो.

आता ड्रायव्हरचं बोलतो, कारण ते कोणी बोलणार नाही. एप्रिल २०२० मध्ये औषधांच्या गाडीला पास होता, नाक्यावर सलाम होता, पण हायवेवर ढाबा बंद. टायरवाला बंद. माझ्या एका ड्रायव्हरने हैदराबाद रोडला दोन दिवस बिस्किटावर काढले. गावात पोचला तर लोक म्हणाले, बाहेरचा आहे, खाली उतरू नको. तुम्ही तीन लाखांत दहा हजार ओआरएस लिहिले, कापसीकर, पण ड्रायव्हरचा भत्ता कुठे लिहिलाय? क्लीनर लिहिलाय? आतल्या रस्त्याला ट्रक जात नाही, तिथून पुढे छोटा हत्ती (लहान टेम्पो) लागतो, त्याचं भाडं? उतरवायला हमाल?

कापसीकर | ४:१५

मुकादम, धंद्यातला असून हे सुचलं नाही, लाज वाटली. रोज बिल्टीवर भाडं, भत्ता, हमाली लिहितो आणि समाजसेवेच्या यादीत विसरलो.

कोथरूडकर | ४:३०

एक शंका. भौगोलिक मध्य वगैरे ठीक, पण झिरो माईलचा दगड १९०७ सालच्या सर्व्हेतला आहे ना? आजच्या भारताचा मध्य तर मध्य प्रदेशात करौंदी गावाकडे धरतात म्हणे.

तर्रीबाज | ४:३४

दगडाले हात लावाचा नाही. चार घोडे उभे हायेत राखनीले.

अनघा_व | ४:४०

विषयाला धरून बोलूया का?

रानवाटा | सायं. ६:१०

झिरो माईलचा विषय विषयाला धरूनच आहे, त्यातूनच सुरुवात करते.

संयुक्त राष्ट्रांची मदत-साहित्याची मोठी गोदामं बघा : इटलीत ब्रिंडिसी, मग दुबई, घानात अक्रा, पनामा. यातलं एकही जगाच्या मध्यावर म्हणून निवडलेलं नाही. धक्का आहे, लांब धावपट्टी आहे आणि कस्टम माल अडकवत नाही, म्हणून निवडलेलं आहे. नागपूरला दोन मोठे हायवे एकमेकांना कापतात, अजनीला कंटेनर डेपो आहे, विमानतळ आहे, हे खरं भांडवल. दगड नाही.

मी २०१४-१५ मध्ये सिएरा लिओनमध्ये एका परदेशी संस्थेचं गोदाम सांभाळायचे. इबोलाची साथ. तीन देश मिळून अठ्ठावीस हजार सहाशेच्या वर रुग्ण, अकरा हजार तीनशेच्या वर मृत्यू. विमान कंपन्यांनी भीतीने उड्डाणं बंद केली, नियमित येणाऱ्या ब्रसेल्स एअरलाइन्स आणि रॉयल एअर मारोक एवढ्याच उरल्या. डॉक्टर यायला तयार, किट तयार, आणायचं कशाने? मग जागतिक अन्न कार्यक्रमाने विमानं, ट्रक, गोदामं लावली. लोक विचारायचे, अन्नवाले इबोलात काय करतायत? अहो, गाड्या त्यांच्याकडे होत्या! साथीत सगळ्यात आधी त्यालाच फोन जातो ज्याच्याकडे चालू अवस्थेतली गाडी आहे.

तिथे जे शिकले ते पीपीईबद्दल. कापसीकर, किट ठेवणार म्हणताय, पण एक माणूस त्या उष्ण हवेत तो पोशाख घालून तासभर काम करू शकतो, फार तर थोडं जास्त. मग बाहेर येऊन एकेक थर उतरवायचा, क्लोरीनच्या पाण्यात हात. हाताला सौम्य पाणी, फरशीला आणि बुटांना कडक, दोन वेगवेगळी पिंपं. पुन्हा आत जायचं तर नवीन किट. म्हणजे दहा माणसांना दिवसाला दहा किट पुरत नाहीत, कितीतरी पट लागतात. वापरलेलं सगळं जाळायचं. त्याला भट्टी, भट्टीला डिझेल, डिझेलला ट्रक. आमच्याकडे एकदा किटचा ढीग होता आणि जाळण्याची सोय कमी पडली, तेव्हा कचऱ्याच्या पिशव्या राखायला माणूस बसवावा लागला.

आणि आत गेलेली वस्तू बाहेर येत नाही. कागदसुद्धा. नर्स कुंपणाच्या आतून रुग्णाचं पान मोठ्याने वाचायची, बाहेरचा माणूस तेच दुसऱ्या कागदावर उतरवायचा. पावसात तिचा आवाज ऐकू यायचा नाही. 'सत्तावीस' की 'सदतीस' यावर रुग्णाचं औषध ठरणार. हे कुठल्या यादीत लिहाल?

निवृत्त_फार्मासिस्ट | ६:३५

रानवाटा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

स्वाती_धंतोली | ६:५०

+१. बाहेरून आयसीयूच्या काचेला कागद चिकटवून आम्ही बोलायचो, त्याची आठवण झाली.

तर्रीबाज | ७:०५

ताई, ह्यावर जोक सुचत नाही. पयल्यांदाच.

रामटेकची_ताई | ७:४०

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स. लसीचा विषय नको म्हणालात, पण गाडी आहे म्हटल्यावर कोणीतरी लस न्यायला सांगणारच, म्हणून लिहिते. सगळ्यांना वाटतं लस उन्हाने खराब होते. उन्हाने होते, पण त्यासाठी कुपीवर ठिपका असतो, त्यातला चौकोन काळा पडायला लागला की कळतं. गोठलेली लस मात्र कुपीकडे बघून कळत नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटीस बी या गोठल्या की गेल्या. उत्साही माणूस काय करतो, फ्रीझरमधून दगडासारखे आईसपॅक काढतो आणि थेट कॅरिअरमध्ये लावतो. झाली लस गार, कायमची. आईसपॅक आधी बाहेर ठेवायचे, घाम येऊ द्यायचा, कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खळखळलं की मग चार बाजूंनी चार. दोन ते आठ अंश. खळखळ ऐकायला कधी अर्धा-पाऊण तासही थांबावं लागतं, आणि साथीत कोणालाच थांबायचं नसतं.

एवढंच. उद्या माझं सत्र आहे, झोपते.

अनघा_व | ८:१०

हे सगळं वाचून माझं म्हणणं पक्कं झालं. काम येणारी माणसं यंत्रणेतच आहेत. ताई आहेत, काका होते. बाहेरच्यांनी लुडबुड करू नये.

वाडीचा_मुकादम | ८:२५

अनघाताई, मान्य, पण अर्धंच. यंत्रणेकडे ताई आहे, ताईकडे गाडी आहे का ते विचारा. असली तर डिझेलचं बिल पास झालंय का ते विचारा.

अनघा_व | ८:३१

तर मग डिझेलसाठी भांडा ना! वर्गणी काढून खात्याचं काम आपण केलं की खातं ते काम कायमचं सोडून देतं. २०२१ मध्ये प्लाझ्मासाठी, बेडसाठी, रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्रभर फोन करत होते. आपण त्याला 'समाजाची एकजूट' म्हणालो. मी माझ्या वडिलांसाठी अकरा तास फोन करत होते. मला त्यात एकजूट दिसली नाही, कोणीतरी करायचं काम माझ्या अंगावर पडलेलं दिसलं.

कापसीकर | ८:४५

अनघाताई, माफ करा. मला माहीत नव्हतं.

अनघा_व | ८:५२

ते बरे आहेत आता. राग तुमच्यावर नाही. चालू द्या.

संत्रानगरी | ९:१५

थोडं विषयांतर. आपण सगळे इबोला-इबोला करतो, पण एका विषाणूला आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं नाव आहे, हे इथे कितीजणांना माहीत आहे? चांदीपुरा. १९६५ मध्ये इथे तापाची साथ होती, रक्ताचे नमुने पुण्याच्या संस्थेत गेले आणि त्यात हा वेगळाच विषाणू सापडला. वाळूमाशीमुळे पसरतो, लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना झाला, १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा आला.

कोथरूडकर | ९:२२

म्हणजे नमुने पुण्याला यावेच लागले. नोंद घ्यावी :)

रानवाटा | ९:४०

कोथरूडकर, चेष्टेत महत्त्वाचं बोललात. माल जातो त्याच्या उलट दिशेला नमुना येतो, आणि तो आल्याशिवाय कोणता माल पाठवायचा हेच कळत नाही. तीन थरांचं वेष्टण, आतली कुपी फुटली तरी बाहेर ओल येता कामा नये, आणि थंड. लायबेरियात हे काम मोटरसायकलवाल्यांनी केलं. चिखलात ट्रक रुततो, मोटरसायकल जाते. कापसीकर, गाडी रिकामी परत येणार असेलच तर तिच्यात काय येऊ शकतं, हेही आरोग्य अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवा. न विचारता मात्र हात लावू नका.

आणि काकांच्या ओआरएसच्या हिशोबाला एक जोड. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासित आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना, पोचेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या. लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. पुड्या छावणीत नेऊन पिंपात कालवल्या आणि नातेवाइकांच्या हातात मग दिले. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते साडेतीनच्या घरात आले. औषधशास्त्रातला शोध म्हणून आपण हे शिकतो. मला विचाराल तर तो गोदामवाल्याचा निर्णय होता : जे पोचत नाही त्याच्यामागे धावू नका, जे पोचतं ते द्या. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

गांधीबाग४४० | ९:५५

ओआरएस घ्याल तेव्हा पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला छापलेला बघा. बाजारात ओआरएस नावाने गोड सरबतं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) असं नाव लावायला बंदी केली, पण जुना माल कोणाच्या कपाटात असेल सांगता येत नाही. आणि दमट हवेत पुडीचा गोळा होतो, तो वाटू नका.

प्रशासक | १०:००

चांगली चर्चा. झिरो माईलसाठी वेगळा धागा काढावा.

तर्रीबाज | १०:०३

काढतो. मध्यावर ठेवजा फक्त.

कापसीकर | रविवार, सकाळी ९:३०

रात्री सगळं पुन्हा वाचलं, सकाळी बॅचच्या ग्रुपवर टाकलं. अर्धे नाराज झाले, कारण 'साठा' म्हटलं की फोटो निघतो आणि 'भत्ता' म्हटलं की निघत नाही. तरी बदललं ते सांगतो.

सलाईन, सिलिंडर, टीसीएल यादीतून गेले. ओआरएसही आमच्याकडे राहणार नाही. गांधीबाग४४० यांच्यासारख्या लायसन्सवाल्या दुकानात पैसे अनामत ठेवू, आरोग्य केंद्राचं मागणीपत्र आलं की तिथूनच थेट ताजा माल उचलायचा. शेडमध्ये राहील ते असं : ताडपत्री, दोर, जॅक, फावडी, बॅटऱ्या, पाण्याची झाकणाची पिंपं, तोट्या, ओटी टेस्टचे संच (हे आत ऑफिसात, उन्हात नाही), एक लहान जनरेटर, आणि स्वातीताईंनी सांगितला तो सिलिंडरचा पाना, एक नाही, सहा. परत आणायची रिकामी भांडी लिहायला वेगळी वही.

बाकीचे पैसे डिझेल आणि भत्त्याला. चौदा ड्रायव्हर मुकादमांनी सुचवले, त्यातले नऊ फोनवर हो म्हणाले. तिघांनी विचारलं, आम्हाला काही झालं तर? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विम्याची चौकशी लावली आहे. ते झाल्याशिवाय कोणालाही पाठवणार नाही.

अनघाताई, तुमचं म्हणणं डोक्यात राहिलं. म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देतोय : तुमच्या मागणीशिवाय आमची गाडी हलणार नाही, आणि दर फेरीची नोंद तुम्हाला लेखी मिळेल, कोणत्या कामाला तुमच्याकडे गाडी नव्हती ती. वर्षाने तोच कागद घेऊन डिझेलसाठी भांडता येईल.

अनघा_व | ९:५०

हा कागद मी टाईप करून देते. फॉरमॅट सोपा ठेवा, नाहीतर तोही कोणी भरणार नाही.

निवृत्त_फार्मासिस्ट | १०:०५

पहिली फेरी मेमध्ये करा, जुलैची वाट बघू नका. आतल्या उपकेंद्रांचा साठा भरायला खात्याला तेव्हाच गाड्या कमी पडतात. साथ नसताना गेलेली गाडी रस्ता ओळखून येते. मीही येईन सोबत, गुडघे धड असेपर्यंत.

वाडीचा_मुकादम | १०:१२

काका पुढच्या सीटवर, आत्ताच बुक.

स्वाती_धंतोली | १०:२०

सहा पाने एकाच पेटीत ठेवू नका. प्रत्येक गाडीत एक, दोरीने बांधलेला.

निवृत्त_फार्मासिस्ट | १०:२४

आणि शेडच्या कुलपाच्या चाव्या? किती आहेत, कोणाकडे?

कापसीकर | १०:३१

दोन आहेत काका. एक माझ्याकडे. दुसरी कोणाकडे द्यावी ते ठरत नाहीये, बॅचमधले सगळे सतत बाहेरगावी असतात.

तर्रीबाज | १०:३३

माह्याकडे दे. पारडीले राहतो, दहा मिन्टात पोचतो. अन् मले कोनी लग्नाले बोलावत नाही.